कानात कॉक्लिअर इम्प्लांट आहे? मग नाकात पाणी घालण्याआधी एवढं वाचा

नावडे (ता. पनवेल) : एका बाजूला तळोजा औद्योगिक वसाहत, दुसऱ्या बाजूला मुंब्रा-पनवेल हायवेची धूळ आणि मधे उरलीसुरली भातशेती. नावडे आणि आजूबाजूच्या गावांत नाक चोंदणं, सकाळी उठल्यावर शिंका, डोकं जड होणं या तक्रारी नेहमीच्याच. त्यावर उपाय म्हणून बरेच जण जलनेती करतात. कुणी योगवर्गात शिकतो, कुणी मोबाईलवर व्हिडिओ बघून करतो, तर कुणाला डॉक्टरच मिठाच्या पाण्याने नाक धुवायला सांगतात.

पाणी स्वच्छ असेल आणि रीत बरोबर असेल तर बहुतेकांना त्याने आराम पडतो. पण ज्यांच्या कानात ऑपरेशन करून कॉक्लिअर इम्प्लांट बसवलेलं आहे, त्यांच्यासाठी हिशेब थोडा वेगळा आहे. त्यांच्या बाबतीत नाकातून सुरू झालेलं इन्फेक्शन कानात आणि कानातून पुढे मेंदूच्या आवरणापर्यंत जाऊ शकतं. असं क्वचित होतं. पण झालं तर जिवावर बेततं, म्हणून घरातल्या प्रत्येकाला त्याची माहिती हवी.

त्यात केरळमधल्या "मेंदू खाणाऱ्या अमीबा"च्या बातम्या व्हॉट्सअॅपवर फिरत असतात आणि दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते. अमीबाचा धोका वेगळा, इम्प्लांटचा धोका वेगळा. दोन्हींचा रस्ता वेगळा आणि काळजीही वेगळी. ती नीट समजून घेऊ.

इम्प्लांट म्हणजे नेमकं काय?

गावात त्याला सरसकट "कानाची मशीन" म्हणतात. पण मशीन दोन प्रकारची असते. साधं श्रवणयंत्र कानात किंवा कानामागे अडकवायचं असतं. ते आवाज मोठा करतं. काढलं की संपलं, शरीराच्या आत काही राहत नाही.

कॉक्लिअर इम्प्लांटचे दोन भाग असतात. बाहेरचा भाग कानामागे बसतो आणि त्याची गोल चकती लोहचुंबकाने डोक्याला चिकटते. आतला भाग ऑपरेशन करून कानामागच्या कातडीखाली ठेवलेला असतो. त्यातून निघालेली बारीक तार कानामागच्या हाडातून वाट करून, मधल्या कानातून पुढे आतल्या कानात नेलेली असते. आतल्या कानाचा हा भाग शंखासारखा वळलेला असतो, त्यालाच कॉक्लिया म्हणतात. तार तिथे ऐकण्याच्या नसेला विजेचे हलके संदेश देते आणि माणसाला आवाज कळतो.

ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नमध्ये डॉ. ग्रॅहॅम क्लार्क यांनी १९७८ मध्ये अनेक तारांचं इम्प्लांट पहिल्यांदा एका रुग्णाला बसवलं. आपल्याकडे मुंबईचे कान-नाक-घसा तज्ज्ञ डॉ. मिलिंद किर्तने यांचं नाव या शस्त्रक्रियेशी जोडलेलं आहे. त्यांना २०१४ मध्ये पद्मश्री मिळाली. पूर्वी फक्त पैसेवाल्यांना परवडणारी ही शस्त्रक्रिया आता सरकारी योजनांमुळे साध्या शेतकऱ्याच्या, कामगाराच्या घरातल्या मुलांपर्यंत पोचली आहे. म्हणूनच ऑपरेशननंतर घरी कोणती काळजी घ्यायची, हे गावपातळीवर माहीत असणं गरजेचं झालं आहे.

नाकाचा आणि कानाचा संबंध कसा?

सर्दी झाली की कानात दडा बसतो, हे प्रत्येकाने अनुभवलेलं असतं. त्याचं कारण साधं आहे. नाकाच्या मागच्या टोकापासून मधल्या कानापर्यंत एक बारीक नळी जाते. तिला कंठकर्णनलिका म्हणतात. कानातला हवेचा दाब सारखा ठेवणं हे तिचं काम. घाटात गाडी चढताना कान बंद होतात आणि आवंढा गिळला की मोकळे होतात, ते याच नळीमुळे.

लहान मुलांमध्ये ही नळी आखूड आणि जवळजवळ आडवी असते. त्यामुळे नाकातले जंतू मोठ्यांपेक्षा मुलांच्या कानात लवकर पोचतात. मुलांचा कान सारखा ठणकतो, फुटतो, वाहतो, तो यामुळेच.

इम्प्लांट नसलेल्या माणसाचा मधला कान आणि आतला कान यांच्यामध्ये पातळ पडद्यांची भिंत असते. इम्प्लांटची तार मात्र त्या भिंतीतूनच आत गेलेली असते. सर्जन तारेभोवती शरीराचाच पेशींचा तुकडा लावून ती जागा बंद करतात आणि ती भरूनही येते. तरी मधल्या कानात जोराचं इन्फेक्शन झालं, तर तारेच्या कडेने जंतू आतल्या कानात शिरण्याची शक्यता राहते. आतल्या कानातलं पाणी आणि मेंदूभोवतीचं पाणी यांचा एकमेकांशी संबंध असतो. तिथून मेंदूच्या आवरणाला सूज येऊ शकते. यालाच डॉक्टर मेनिंजायटिस म्हणतात, बोलीभाषेत मेंदूज्वर.

काही मुलांच्या आतल्या कानाची ठेवण जन्मतःच सदोष असते. अशा मुलांना हा धोका इम्प्लांट नसतानाही जास्त असतो आणि इम्प्लांटनंतरही राहतो. आपल्या मुलाच्या बाबतीत तसं आहे का, हे ऑपरेशनआधीच्या स्कॅनवरून कळलेलं असतं. सर्जनला विचारून फाईलवर लिहून ठेवा.

हा धोका कळला कसा?

२००२ मध्ये अमेरिकेत इम्प्लांट बसवलेल्या काही मुलांना मेंदूज्वर झाल्याचं लक्षात आलं. तिथल्या सरकारी आरोग्य यंत्रणेने चौकशी केली. १९९७ ते २००२ या काळात वयाच्या ६ वर्षांच्या आत इम्प्लांट बसवलेल्या ४,२६४ मुलांची माहिती तपासली. त्यातल्या २६ मुलांना मेंदूज्वर झाला होता. काहींना तो एकापेक्षा जास्त वेळा झाल्याने एकूण प्रसंग २९ होते. हा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला.

मेंदूज्वर करणाऱ्या जंतूंत न्यूमोकोकस नावाचा जंतू मुख्य होता. त्याच्यामुळे होणाऱ्या मेंदूज्वराचं प्रमाण या मुलांत त्याच वयाच्या इतर मुलांपेक्षा ३० पटींहून जास्त निघालं. हा जंतू काही बाहेरून येणारा पाहुणा नाही. तो धडधाकट मुलांच्याही नाकात आणि घशात राहतो.

एका प्रकारच्या इम्प्लांटमध्ये तार घट्ट बसावी म्हणून पाचरीसारखा एक जादा तुकडा वापरत असत. त्याला पोझिशनर म्हणत. त्या मुलांत धोका सगळ्यात जास्त दिसला. ते इम्प्लांट २००२ मध्येच बाजारातून मागे घेतलं गेलं. त्यामुळे आज इम्प्लांट करणाऱ्या पालकांनी ३० पटींचा आकडा ऐकून घाबरून जाऊ नये. ४,२६४ मधले २६ म्हणजे हजारी साधारण ६, आणि त्यातही जुन्या बनावटीची इम्प्लांट होती. मुलाला ऐकू येणं, बोलता येणं हा फायदा फार मोठा आहे. भीतीपोटी ऑपरेशन टाळू नये.

हा अभ्यास नाक धुण्याबद्दल नव्हता. इम्प्लांट असलेल्या माणसाने नाक, घसा आणि कानातलं इन्फेक्शन अंगावर काढू नये, हा धडा मात्र त्यातून मिळाला. नाक धुण्याची काळजी त्यातूनच येते.

नाक धुताना काय चुकू शकतं?

नाक धुताना पाणी एका नाकपुडीतून आत जाऊन दुसरीतून बाहेर पडायला हवं. ते कानाच्या नळीत शिरलं की कानात भरल्यासारखं वाटतं, दडा बसतो, कधी दुखतं. असं होण्याची नेहमीची कारणं ही :

१. नाक पूर्ण चोंदलेलं असताना जबरदस्तीने पाणी घालणं. पाण्याला पुढे वाट नसली की ते कानाकडे वळतं.

२. दाबायच्या बाटलीने किंवा सिरिंजने जोरात पाणी मारणं.

३. धुऊन झाल्यावर दोन्ही नाकपुड्या चिमटीत धरून जोरात शिंकरणं. आत उरलेलं पाणी आणि शेंबूड त्या दाबाने सरळ कानाकडे जातो.

४. नेती झाल्या झाल्या नाक सुकवण्यासाठी जोरजोरात कपालभाती करणं.

५. मूल रडत असताना, गिळत असताना किंवा आडवं झोपवून नाकात पाणी ओतणं.

इम्प्लांट नसलेल्याचा कान यामुळे दोन दिवस दुखेल आणि औषधाने बरा होईल. इम्प्लांट असलेल्याच्या बाबतीत तोच कान दुखणं ही तातडीची बाब ठरते. शिवाय इम्प्लांटच्या पृष्ठभागावर जंतूंचा चिकट थर बसला तर औषध तिथे नीट पोचत नाही. इन्फेक्शन आटोक्यात येत नसेल तर कधी कधी आतला भाग काढून पुन्हा बसवण्याची वेळ येते.

अमीबाचा धोका : हा सगळ्यांनाच

आता दुसरा रस्ता. नेग्लेरिया फाउलेरी हा अमीबा कोमट, साचलेल्या गोड्या पाण्यात वाढतो. तो असलेलं पाणी पिऊन आजार होत नाही. ते पाणी नाकात वर गेलं, तरच तो नाकाच्या छतातल्या वासाच्या नसेवरून मेंदूत शिरतो. हा आजार फार दुर्मिळ आहे, पण झाला तर वाचणारे फार थोडे.

अमेरिकेत लुइझियाना राज्यात २०११ मध्ये नळाचं पाणी नेतीच्या भांड्यात घालून नाक धुणाऱ्या दोघांचा याने मृत्यू झाला. कराचीत वजू करताना नाकात पाणी घेणाऱ्यांमध्येही असे रुग्ण आढळले आहेत. केरळमध्ये पहिला रुग्ण २०१६ मध्ये आलप्पुळा इथे सापडला. २०२४ आणि २०२५ मध्ये तिथे अमीबामुळे होणाऱ्या मेंदूज्वराचे रुग्ण वाढले आणि सरकारला विहिरी, टाक्या क्लोरीनने शुद्ध करण्याची मोहीम घ्यावी लागली. लवकर ओळखून उपचार मिळालेले काही रुग्ण तिथे वाचलेही.

अकँथअमीबा नावाचा दुसरा एक अमीबा आहे. नाक धुणाऱ्या आणि प्रतिकारशक्ती फार कमी असलेल्या १० रुग्णांची नोंद अमेरिकेच्या सीडीसी या संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केली. त्यातले ३ दगावले.

इथे एक गोष्ट स्पष्ट असू द्या. नेग्लेरिया वासाच्या नसेवरून जातो, कानातून नाही. म्हणजे इम्प्लांट आहे म्हणून त्याचा धोका वाढत नाही. तो घरातल्या सगळ्यांना सारखाच आणि सगळ्यांसाठी उपायही एकच : नाकात जाणारं पाणी उकळलेलं हवं. इम्प्लांटवाल्या माणसाला मात्र दोन्ही गोष्टी सांभाळायच्या आहेत. पाणी उकळलेलं हवं आणि कानात दाब जायला नको.

मग नेती करायची की नाही?

सरसकट बंदी नाही आणि सरसकट परवानगीही नाही. आपल्या सर्जनला विचारून ठरवायचं. विचारायला जाण्याआधी हे माहीत असावं :

• ऑपरेशननंतरचे काही आठवडे नाक धुणं, जोरात शिंकरणं टाळायचं असतं. शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून शिंकायचं, म्हणजे दाब कानात जात नाही. किती आठवडे, हे तुमचे सर्जनच सांगतील. सांगितलं नसेल तर विचारून लिहून घ्या.

• कान दुखतोय, वाहतोय, ताप आहे किंवा नाक पूर्ण बंद आहे, अशा दिवशी नेती नको.

• योगवर्गात जाणाऱ्याने शिक्षकांना इम्प्लांटबद्दल आधीच सांगावं. जलनेती ही योगातली शुद्धिक्रिया. ती नीट शिकलेल्या माणसाच्या देखरेखीखालीच पहिल्यांदा करावी, ही जुनी शिस्त आहे. मोबाईलच्या व्हिडिओतला माणूस तुमचा कान बघत नाही.

• लहान मुलाला नेतीचं भांडं नकोच. नाक चोंदलं तर मेडिकलमध्ये मिठाच्या पाण्याचे थेंब किंवा हलका फवारा मिळतो. त्यात पाणी थोडं असतं आणि दाबही कमी. तेही डॉक्टरांना विचारून.

• सायनससाठी एका डॉक्टरने नाक धुवायला सांगितलं असेल, तर त्यांना इम्प्लांट असल्याचं माहीत आहे ना, याची खात्री करा. बाहेरची मशीन काढून दवाखान्यात गेलं तर डॉक्टरांना ते दिसतही नाही. इम्प्लांटचं कार्ड कायम पाकिटात ठेवा. एमआरआय किंवा दुसरं कुठलंही ऑपरेशन करायची वेळ आली तरी ते पहिल्यांदा दाखवायचं असतं.

पाणी तयार करायची रीत

गावात नळाचं पाणी येतं, कधी टँकरचं, कधी बोअरचं. ते टाकीत, पिंपात साठवलं जातं. पिण्यासाठी चालणारं पाणी नाकासाठी चालेलच असं नाही. पोटातलं आम्ल बरेच जंतू मारतं, नाकात तशी सोय नाही.

१. स्वच्छ पातेल्यात पाणी खळखळून उकळू द्या. सीडीसी किमान १ मिनिट उकळायला सांगते, तर अमेरिकेचंच औषध प्रशासन ३ ते ५ मिनिटं सांगतं. घरी ५ मिनिटं धरा, म्हणजे शंका नको. नुसतं कोमट केलेलं पाणी चालत नाही. गिझरचंही नाही.

२. झाकून गार होऊ द्या. लवकर गार व्हावं म्हणून त्यात कच्चं पाणी मिसळू नका. ही चूक सगळ्यात जास्त होते.

३. पाव लिटर पाण्याला अर्ध्या सपाट चहाच्या चमच्यापेक्षा थोडं कमी मीठ. मोजून सांगायचं तर १ लिटरला ९ ग्रॅम. मेडिकलमध्ये नाक धुण्यासाठी मिठाच्या पुड्या मिळतात, त्या वापरल्या तर माप चुकत नाही.

४. उकळलेलं पाणी झाकणाच्या स्वच्छ भांड्यात ठेवून २४ तासांच्या आत वापरा. उरलेलं टाकून द्या.

५. घरातल्या फिल्टरचं पाणी असलं तरी उकळूनच घ्या. फिल्टरच्या टाकीत आणि तोटीत जंतू वाढू शकतात.

६. नेतीचं भांडं प्रत्येक वेळी उकळलेल्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. ओलं भांडं मोरीत ठेवू नका. प्रत्येकाचं भांडं वेगळं.

वजू करताना किंवा दुसऱ्या कुठल्या धार्मिक कारणाने नाकात पाणी घेणाऱ्यांनीही उकळून गार केलेलं पाणी वापरणं चांगलं.

सर्जनने परवानगी दिली असेल तर

आधी बाहेरची मशीन आणि चकती काढून कोरड्या डबीत ठेवा. मिठाच्या पाण्याने मशीन बिघडू शकते. हात साबणाने धुवा. मोरीवर किंवा बेसिनवर वाकून डोकं एका बाजूला कलतं करा आणि तोंडाने श्वास घ्या. तोटी नाकपुडीला लावून पाणी आपल्या वजनानेच वाहू द्या, दाब देऊ नका. मधे गिळू नका, बोलू नका. कानात भरल्यासारखं वाटलं तर लगेच थांबा.

झाल्यावर पुढे वाकून थोडा वेळ पाणी गळू द्या. मग एकेक नाकपुडी हलक्या हाताने साफ करा. दुसरी नाकपुडी मोकळी ठेवा. जोर लावू नका.

खरी ढाल : लस

नाक कितीही जपलं तरी सर्दी टळत नाही. म्हणून इम्प्लांट असलेल्यांसाठी लसीला फार महत्त्व आहे. न्यूमोकोकसविरुद्धची पीसीव्ही लस आपल्या देशात २०१७ पासून टप्प्याटप्प्याने सरकारी लसीकरणात आली आणि २०२१ मध्ये देशभर लागू झाली. ती बाळाला दीड महिना, साडेतीन महिने आणि ९ महिने या वयात मोफत देतात. हिब नावाच्या दुसऱ्या जंतूविरुद्धची लस पेंटाव्हॅलंट इंजेक्शनमध्ये असते.

पालकांनी लक्ष द्यायची जागा इथे आहे. जी मुलं २०२१ च्या आधी जन्मली, त्यांना सरकारी केंद्रात पीसीव्ही मिळालीच नसण्याची शक्यता मोठी आहे. आज शाळेत जाणाऱ्या, इम्प्लांट असलेल्या कितीतरी मुलांचं कार्ड या रकान्यात कोरं असेल. घरी गेल्यावर लसीकरणाचं कार्ड काढून बघा. रकाना कोरा असेल तर कार्ड घेऊन डॉक्टरांकडे जा.

दोन वर्षांपुढच्या इम्प्लांटधारकांना पीपीएसव्ही २३ नावाची आणखी एक न्यूमोकोकल लस देतात. ती पीसीव्हीनंतर किमान ८ आठवड्यांनी. ऑपरेशन ठरलेलं असेल तर या लसी ऑपरेशनच्या किमान २ आठवडे आधी पूर्ण व्हाव्यात, असा नियम आहे. मोठ्या वयात इम्प्लांट केलेल्यांनीही डॉक्टरांना लसीबद्दल विचारावं. लस फक्त बाळांसाठी असते, हा समज चुकीचा आहे.

ही लक्षणं दिसली तर सकाळची वाट बघू नका

इम्प्लांट असलेल्या मुलाला किंवा मोठ्या माणसाला खालीलपैकी काही झालं तर लगेच मोठ्या दवाखान्यात न्या :

• ताप आणि जोराचं डोकं दुखणं
• मान आखडणं, हनुवटी छातीला न लागणं
• सारख्या उलट्या
• उजेड सहन न होणं
• गुंगी, बडबड, ओळख न पटणं, झटके
• तान्हं बाळ दूध ओढत नाही, सारखं किरकिरतं किंवा सुस्त पडून राहतं
• कान दुखणं, वाहणं, कानामागे लाली किंवा सूज
• नाकातून एका बाजूने पाण्यासारखा पातळ स्राव सारखा गळणं
• अचानक तोल जाणं किंवा इम्प्लांटमधून ऐकू येणं कमी होणं

कान दुखतो म्हणून गरम तेल, लसणाचं तेल किंवा कुठलाही रस कानात घालू नका. घरात उरलेल्या गोळ्या देऊ नका. अर्धवट औषधाने ताप तेवढा दबतो आणि खरं दुखणं कळायला उशीर होतो. दवाखान्यात गेल्यावर पहिलं वाक्य असं सांगा : "याच्या कानात कॉक्लिअर इम्प्लांट आहे." नाक धुतलं असेल तर कधी आणि कोणत्या पाण्याने, तेही सांगा. अमीबाचा संशय घ्यायला डॉक्टरांना त्याचीच मदत होते.

कुठे जायचं?

तातडीच्या वेळी १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवा. साध्या शंकेसाठी १०४ हा आरोग्य सल्ल्याचा क्रमांक आहे. नावडे परिसरातल्या लोकांना पनवेलचं उपजिल्हा रुग्णालय जवळ पडतं, कामोठ्यात वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे आणि जिल्हा रुग्णालय अलिबागला. शक्य असेल तर ज्या रुग्णालयात ऑपरेशन झालं, तिथेही त्याच वेळी फोन करा.

ज्या मुलांना अजून इम्प्लांट झालेलं नाही आणि ऐकू येत नसल्याचा संशय आहे, त्यांच्यासाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत आणि शाळेत तपासणीला येतात. हा कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच राज्यातल्या पालघरमधून सुरू झाला. केंद्राच्या एडिप योजनेतून इम्प्लांटला मदत मिळते. तिचं काम वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था बघते. पनवेलहून हार्बरच्या लोकलने वडाळा रोडला गाडी बदलून वांद्र्याला जाता येतं. वय जेवढं लहान तेवढा इम्प्लांटचा फायदा जास्त, म्हणून बाळ आवाजाला वळून बघत नसेल तर "बोलेल हळूहळू" म्हणत थांबू नका.

लोक विचारतात ते प्रश्न

*साधं श्रवणयंत्र वापरणाऱ्याला हा धोका आहे का?*
इम्प्लांटच्या तारेमुळे येणारा धोका नाही, कारण आत काही बसवलेलं नसतं. मात्र कानाचा पडदा फाटलेला असेल किंवा कान वाहत असेल तर नेतीआधी डॉक्टरांना विचारा. पाणी उकळण्याचा नियम सगळ्यांना सारखाच.

*वाफ घेतली तर चालेल का?*
वाफेने नाकात पाण्याचा दाब जात नाही. बाहेरची मशीन काढून ठेवा. लहान मुलाला गरम पाण्याच्या भांड्याजवळ एकटं सोडू नका, भाजण्याचा धोका मोठा असतो.

*नदीत, तळ्यात पोहायचं का?*
मे महिन्यात मुलं तलावात, नदीत, खदानीच्या पाण्यात उड्या मारतात. उन्हाने तापलेल्या साचलेल्या पाण्यात नाक चिमटीत धरल्याशिवाय उडी नको. इम्प्लांट असलेल्याने पोहायला आणि सूर मारायला सर्जनची परवानगी घ्यावी.

*ऑपरेशनला बरीच वर्षं झाली, आता धोका संपला का?*
पूर्ण संपला असं समजू नका. पोझिशनर असलेल्या मुलांत ऑपरेशनच्या २ वर्षांनंतरही मेंदूज्वराचे रुग्ण आढळल्याचं २००६ मध्ये प्रसिद्ध झालं होतं. कान दुखला, ताप आला की दाखवायचं, ही सवय कायमची ठेवा.

घरातल्या भिंतीवर लावा

पाणी ५ मिनिटं उकळलेलं. सर्जनला विचारल्याशिवाय नेती नाही. नाकात दाब नाही, जोरात शिंकरणं नाही. लसीचं कार्ड पूर्ण. कान दुखला किंवा ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना.

ज्या घरात इम्प्लांट आहे, तिथे आई-वडील ही काळजी घेतातच. पण शेतीच्या दिवसांत मूल आजीकडे, मावशीकडे किंवा शेजारी असतं. मुलाचं नाक चोंदलं की मायेने आधी घरचाच उपाय होतो. म्हणून ही माहिती त्यांनाही वाचून दाखवा. शाळेतल्या गुरुजींना, अंगणवाडी ताईंना आणि आशाताईंनाही मुलाच्या इम्प्लांटबद्दल सांगून ठेवा.